पित्त उठणं, पित्त होणं आणि मास्ट पेशींच्या आजारातला अल्सर

प्रश्न असा आहे. सांगलीच्या एका गृहस्थांच्या पत्नीचं वय 41. विशीपासून त्यांच्या मांड्यांवर आणि पोटावर तपकिरी ठिपके आहेत, घासले गेले की फुगतात आणि खाजतात. दोन वर्षांपूर्वी एका गडावर मधमाशी चावली आणि त्या काही मिनिटांत कोसळल्या. मग तपासण्या झाल्या. रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतून सुटणारं द्रव्य, बरंच वाढलेलं म्हणजे 46 आलं, बोन मॅरो तपासला आणि ‘इंडोलंट सिस्टेमिक मास्टोसायटोसिस’, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या मास्ट पेशी अंगभर वाढण्याचा संथ चालणारा आजार, हे निदान पक्कं झालं. या वर्षी रात्री दोन-अडीच वाजता बेंबीच्या वर कुरतडल्यासारखं दुखून जाग यायला लागली. महिनाभर पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी घेऊनही भागेना, तेव्हा एंडोस्कोपी केली. ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराच्या लगेच पुढच्या आतड्यात, दोन अल्सर दिसले. अल्सर करणाऱ्या एच. पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी निगेटिव्ह आली. आठ आठवडे तीच गोळी दोन वेळा घेतली, बरं वाटलं, बंद केली. तीन आठवड्यांत दुखणं परत आलं, सोबत पातळ संडास. गोळी पुन्हा सुरू झाली आणि पंधरा दिवसांनी रक्तातलं गॅस्ट्रिन, म्हणजे जठराला आम्ल बनवायला लावणारं संप्रेरक, तपासलं, ते वाढलेलं म्हणजे 310 आलं. एका डॉक्टरांनी गॅस्ट्रिन तयार करणारी गाठ असू शकते अशी शंका बोलून दाखवली आणि घरातल्या सगळ्यांची झोप उडाली. त्यांचे तीन प्रश्न आहेत. हा अल्सर मास्ट पेशींमुळेच झालाय का? गोळी जन्मभर घ्यावी लागेल का? आणि फेब्रुवारीपासून कंबर दुखतेय, त्यावर कुठली वेदनाशामक गोळी चालेल?

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. पुण्यात चोवीस वर्षं एंडोस्कोपी करतेय. साध्या अल्सरचे रुग्ण हजारांनी पाहिले, मास्टोसायटोसिसचे मात्र दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. हा आजार इतका विरळ आहे की या बाबतीत कुणाही एका डॉक्टरचा अनुभव तोकडाच असतो. म्हणून जिथे माझा अनुभव अपुरा पडतो तिथे शरीर कसं चालतं याचा आधार घेऊन लिहिते. तुमच्या पत्नीला मी तपासलेलं नाही. खाली जे लिहिलंय ते त्यांच्या डॉक्टरांसमोर बसून बोलता यावं यासाठी आहे, परस्पर गोळ्या बदलण्यासाठी नाही.

तुम्ही विचारलंय ‘जन्मभर का’, पण माझी नजर त्याआधी दुसऱ्याच गोष्टीवर अडली. एच. पायलोरीची तपासणी झाली तेव्हा त्या महिनाभर पँटोप्राझोल घेत होत्या. गॅस्ट्रिन तपासलं तेव्हाही गोळी चालू होती. या गोळीमुळे पहिली तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि दुसरीचा आकडा विनाकारण फुगतो. म्हणजे आज तुमच्या हातातल्या दोन महत्त्वाच्या कागदांपैकी एकावरही विसंबता येत नाही. खरी अडचण ही आहे. आणि ती सोडवायला गोळी बंद करून पुन्हा तपासायचं म्हटलं, तर मास्ट पेशींचा आजार असलेल्या माणसात तेच धोक्याचं ठरू शकतं. तुमच्या डॉक्टरांनी यातून वाट काढायला हवी.

आपण मराठीत अंगावर गांधी उठल्या तरी ‘पित्त उठलं’ म्हणतो आणि छातीत जळजळलं तरी ‘पित्त झालं’ म्हणतो. एकाला आमसुलाचं पाणी चोळतो, दुसऱ्याला तेच आमसूल सोलकढीतून देतो. बाकीच्या माणसांत या दोन तक्रारींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो. तुमच्या पत्नीच्या आजारात मात्र दोन्ही पित्तं खरोखर एकाच रसायनातून येतात. ते म्हणजे हिस्टामाइन. मास्ट पेशी म्हणजे या रसायनाने गच्च भरलेल्या थैल्या. पॉल एर्लिक या जर्मन संशोधकाने 1878 साली त्यांचं वर्णन केलं. खाऊन टम्म फुगल्यासारख्या दिसल्या म्हणून त्याने त्यांना ‘मास्ट’ हे नाव दिलं. मास्टोसायटोसिसमध्ये या पेशी प्रमाणाबाहेर वाढतात. प्रौढांमध्ये बहुतेक वेळा ‘किट’ नावाच्या जनुकातला डी816व्ही हा एक बदल त्यामागे असतो. पेशी त्वचेत, हाडांच्या मगजात, आतड्यात साठतात आणि निमित्त मिळालं की रिकाम्या होतात. त्वचेत रिकाम्या झाल्या की गांधी उठतात. रक्तातून हिस्टामाइन जठरापर्यंत गेलं की आम्ल वाढतं.

आता हे आम्ल वाढणं साध्या ॲसिडिटीपेक्षा वेगळं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जठरात आम्ल तयार करणाऱ्या पेशींवर हिस्टामाइनचं कुलूप असतं, त्याला एच-टू रिसेप्टर म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी 1972 मध्ये ते दाखवून दिलं आणि त्यातूनच सिमेटिडीन, रॅनिटिडीन, फॅमोटिडीन ही औषधं आली. निरोगी माणसात जेवण पोटात गेलं की गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं, ते जठरातल्याच काही पेशींना हिस्टामाइन सोडायला लावतं, हिस्टामाइन कुलूप उघडतं आणि आम्ल येतं. आम्ल पुरेसं झालं की तेच आम्ल गॅस्ट्रिनला थांबवतं. पाण्याची टाकी भरली की फ्लोट वर येऊन पाणी बंद होतं, तसं. मास्टोसायटोसिसमध्ये गडबड अशी होते, की हिस्टामाइन या टाकीच्या नळातून येतच नाही. ते अंगभर पसरलेल्या मास्ट पेशींतून येतं आणि त्या पेशी फ्लोटचं ऐकत नाहीत. आम्ल वाढल्यावर शरीर गॅस्ट्रिन कमी करतं, अगदी तळाला नेतं, तरी बाहेरून येणारं हिस्टामाइन कुलूप उघडतच राहतं. रात्री पोट रिकामं असतानाही. तुमच्या पत्नीला अडीच वाजता जाग येते ती बहुधा याचमुळे.

पातळ संडासाचं कोडंही यातूनच उलगडू शकतं. आतड्यात गरजेपेक्षा जास्त आम्ल उतरलं की स्निग्ध पदार्थ पचवणारा स्वादुपिंडाचा पाचक रस निकामी होतो आणि संडास पातळ, कधी तेलकट होते. आम्ल कमी करणारी गोळी सुरू केल्यावर दोन-चार दिवसांत संडासही सुधारली असेल तर तो मोठा धागा आहे. नाही सुधारली, तर आतड्यातल्या मास्ट पेशींचा थेट परिणाम, आधी घेतलेली अँटिबायोटिक, साधा संसर्ग अशी दुसरी कारणं शोधावी लागतील. तुमच्या प्रश्नात हे लिहिलेलं नाही, पण तुमच्या पत्नीला नक्की आठवत असेल.

गॅस्ट्रिनच्या त्या 310 आकड्याबद्दल. पँटोप्राझोलने आम्ल बंद केलं की शरीराला वाटतं टाकी रिकामी आहे, म्हणून ते गॅस्ट्रिन वाढवतं. गोळी घेणाऱ्या कितीतरी लोकांत हा आकडा असाच चढलेला सापडतो. गॅस्ट्रिनची गाठ असेल तर गॅस्ट्रिन जास्त आणि आम्लही जास्त असतं. हिस्टामाइनमुळे आम्ल वाढलं असेल तर गॅस्ट्रिन साधं किंवा कमी असतं. इतका सरळ फरक आहे, पण तो गोळी चालू असताना दिसत नाही. ज्या डॉक्टरांनी शंका काढली त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एकापेक्षा जास्त अल्सर, पातळ संडास, गोळी थांबवल्यावर लगेच उलटणं, हे चित्र गाठीचंही असतं. पण ती गाठ फार विरळ असते आणि तुमच्या पत्नीकडे याच चित्राचं दुसरं कारण आधीच सिद्ध झालेलं आहे. एंडोस्कोपीच्या वेळी जठरातला रस ओढून त्याला आम्लता मोजण्याचा कागद लावला तरी अर्धं उत्तर मिळतं. या आकड्यावर घाबरून सीटी स्कॅन आणि पुढच्या महागड्या तपासण्यांच्या मागे लागू नका.

आता पहिला प्रश्न, हा मास्ट पेशींचाच अल्सर का. दुर्मीळ आजाराचं निदान एकदा झालं की पुढची प्रत्येक तक्रार त्याच्याच खात्यावर टाकायची सवय लागते, रुग्णाला आणि डॉक्टरांनाही. मास्टोसायटोसिस असलेल्या प्रत्येकाला अल्सर होत नाही, अनेकांचं आम्ल वाढलेलंही नसतं. आणि ज्यांना अल्सर होतो तेही याच देशात राहतात, जिथे निम्म्याहून जास्त प्रौढांच्या जठरात एच. पायलोरी सापडतो, आणि जिथे डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड कुठल्याही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी मास्टोसायटोसिसच्या एक बाई आल्या होत्या. अल्सर तीनदा उलटला होता आणि सगळे मास्ट पेशींना दोष देत होते. चौथ्या भेटीत सहज बोलताना कळलं की दर महिन्याला पाळीच्या चार दिवसांत त्या मेफेनॅमिक ॲसिडच्या गोळ्या घ्यायच्या. कुणी ‘औषधं कुठली घेता’ विचारलं की त्या सांगायच्या नाहीत, कारण पाळीची गोळी त्यांच्या लेखी औषध नव्हतीच. तेव्हापासून मी प्रश्न बदलला. डोकं दुखलं तर काय घेता, पाळीत काय घेता, गुडघ्याला कुणी पुडी दिलीय का, असं एकेक विचारते. सांधेदुखीच्या काही पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं सापडलं आहे, त्यामुळे पुडीबद्दल मुद्दाम विचारते. फेब्रुवारीपासून कंबर दुखतेय म्हणता, तर अल्सर दिसण्याआधी त्यांनी त्यासाठी काय काय घेतलं, ते आधी आठवून लिहून काढा.

गोळी बंद केल्यावर तीन आठवड्यांत दुखणं परत आलं, याचा अर्थही एकच निघत नाही. निसटलेला एच. पायलोरी असू शकतो. हिस्टामाइनमुळे वाढलेलं आम्ल असू शकतं. मधेच घेतलेली वेदनाशामक असू शकते. आणि आठ आठवडे पीपीआय, म्हणजे पँटोप्राझोलच्या कुळातली गोळी, घेऊन एकदम थांबवली तर निरोगी माणसातही काही आठवडे आम्ल उसळून येतं, तेवढंच असू शकतं. यातलं पहिलं कारण सापडलं तर ते कायमचं बरं होतं, म्हणून मी त्याचा पिच्छा सोडत नाही.

तपासणी कशी करावी यात परिस्थितीप्रमाणे फरक पडतो. एच. पायलोरीच्या श्वासाच्या किंवा शौचाच्या अँटिजेन तपासणीआधी पीपीआय दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागते. तुमच्या पत्नीचा अल्सर आत्ता पुन्हा ताजा असण्याची शक्यता आहे, त्यामुळे मी आज गोळी थांबवणार नाही. आधी पुन्हा आठ आठवडे नीट भरू देईन. मग पीपीआय थांबवून ते दोन आठवडे फॅमोटिडीनवर काढेन. फॅमोटिडीनमुळे ही तपासणी फारशी बिघडत नाही आणि हिस्टामाइनचं कुलूपही झाकलेलं राहतं. त्या दोन आठवड्यांच्या शेवटी, आदल्या दिवशी फॅमोटिडीन न घेता, सकाळी उपाशीपोटी गॅस्ट्रिनचं रक्तही घेईन, म्हणजे एका विरामात दोन्ही कामं होतील. पण त्यांना पूर्वी कधी रक्ताची उलटी झाली असेल, काळी संडास झाली असेल किंवा हिमोग्लोबिन घसरलेलं असेल, तर हा विराम मी घेणार नाही. तेव्हा गोळी चालू ठेवूनच एंडोस्कोपी करावी आणि जठराच्या खालच्या व वरच्या, दोन्ही भागांतले तुकडे पॅथॉलॉजीला पाठवावेत. पीपीआयवर असताना जंतू खालच्या भागातून वर सरकतो, म्हणून एकाच जागेचा तुकडा पुरत नाही. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी गोळीने बिघडत नाही, पण आपल्याकडे ती इतक्यांची पॉझिटिव्ह येते की पॉझिटिव्हला अर्थ उरत नाही. निगेटिव्ह आली तर मात्र उपयोगाची.

तुकडे घेतले जाणारच असतील तर ड्युओडेनमच्या तुकड्यावर सीडी117 आणि सीडी25 हे खास रंग लावायला सांगा. नेहमीच्या रंगात मास्ट पेशी सहज दिसत नाहीत, मागितल्याशिवाय त्यांचा अहवाल येत नाही. आणि अहवालात नुसतं ‘मास्ट पेशी वाढलेल्या’ असं आलं तर त्यावरून आतड्यात आजार पसरला असा निष्कर्ष काढू नका. आतड्यात मास्ट पेशी मुळातच असतात आणि अनेक साध्या कारणांनी वाढतात. त्यांचे पुंजके आणि सीडी25 पॉझिटिव्ह असणं, याला महत्त्व आहे. हे मी वारंवार सांगते, कारण अंगावर गांधी आणि पोटदुखी असलेले अनेक जण केवळ अशा एका आकड्यावर ‘मला मास्ट सेलचा आजार आहे’ असं समजून वर्षानुवर्षं जेवण तोडत बसतात. तुमच्या पत्नीचं निदान बोन मॅरोवर झालंय, त्यामुळे तो प्रश्न तुम्हाला नाही.

पुढची एंडोस्कोपी होईल तेव्हा आजाराचं नाव आधी कळवा, टेबलावर झोपल्यावर नाही. गेल्या वेळी सुरळीत पार पडली म्हणून यंदा गाफील राहू नका. मी अशा रुग्णांना आदल्या दिवशीपासून एच-वन (सेट्रिझिनसारख्या) आणि एच-टू (फॅमोटिडीनसारख्या) दोन्ही प्रकारच्या अँटिहिस्टामाइन्स देते, काही जणांना स्टेरॉइडही, आणि ॲड्रेनालिनची सिरिंज भरून बाजूला ठेवायला सांगते. गुंगीसाठी मिडाझोलाम, प्रोपोफॉल, फेंटानिल बहुतेकांना सोसतात. मॉर्फिन आणि कोडीन टाळलेलं बरं, ती मास्ट पेशींना थेट डिवचतात. खोलीतला गारठा आणि मनातली भीती यांनीही या पेशी रिकाम्या होतात. म्हणून यांचा नंबर सकाळी पहिला लावावा, उपाशीपोटी ताटकळत ठेवू नये. आणि प्रतिक्रिया आलीच तर एक ते चार तासांच्या आत ट्रिप्टेजसाठी रक्त घेऊन ठेवावं.

एच. पायलोरी सापडला तर उपचार चौदा दिवसांचा, आणि इथे तीन गोष्टींची खबरदारी घ्यायची. एक म्हणजे या उपचारात वापरलं जाणारं लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या भावंडांना (लिव्होफ्लॉक्सासिन त्यांतलंच) मास्ट पेशीवर एक वेगळाच रिसेप्टर सापडतो आणि त्यातून त्या थेट रिकाम्या होऊ शकतात, हे 2015 मध्ये समोर आलं. त्यामुळे या कुळातलं औषध मी पहिल्या पर्यायात ठेवत नाही. दुसरी गोष्ट क्लॅरिथ्रोमायसिन, हेही या उपचारातलं अँटिबायोटिक. पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोन (मळमळीवरचं औषध) एकत्र असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात. क्लॅरिथ्रोमायसिनसोबत डोम्पेरिडोन घेतलं तर हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून त्या चौदा दिवसांत साधी पँटोप्राझोल घ्यावी. मिडोस्टॉरिन किंवा अॅव्हाप्रिटिनिब या मास्ट पेशींवरच्या नेमक्या गोळ्या चालू असतील तर क्लॅरिथ्रोमायसिनने त्यांची रक्तातली पातळी चढते. अशा वेळी रक्तविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक गोळीही सुरू करू नये. तिसरी गोष्ट बिस्मथ, हे याच उपचारात दिलं जाणारं औषध. त्याने संडास काळी होते, लोहाच्या गोळ्यांनीही होते. हे आधी सांगून ठेवलं नाही तर घरचे रक्तस्राव समजून रात्रीतून धावत येतात. उपचार संपल्यावर चार आठवड्यांनी जंतू गेल्याची खात्री करून घ्या. ही पायरी लोक हमखास गाळतात.

जंतू नाही, वेदनाशामक नाही, गॅस्ट्रिन साधं किंवा कमी, असं निघालं तर मात्र उत्तर हिस्टामाइनकडे बोट दाखवतं. मग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो, बहुधा दीर्घकाळ’ असं आहे. मास्ट पेशी जात नाहीत तोवर आम्लाचं कारण जात नाही. पण जन्मभर याच डोसवर, असं नाही. अल्सर भरल्यावर मी दोनची एक गोळी करते, चार-सहा महिने पाहते, रात्रीचं दुखणं नसेल तर तिथेच ठेवते. एकदम बंद मात्र करत नाही. रात्री त्रास होत असेल तर झोपताना फॅमोटिडीन जोडते. एकट्या फॅमोटिडीनवर भिस्त ठेवत नाही, कारण रोज घेतलं की एक-दोन आठवड्यांत शरीर त्याला सरावतं. रॅनिटिडीन घरात पडलेलं असेल तर त्याऐवजी फॅमोटिडीन घ्या. रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए हे कर्करोगाशी जोडलं जाणारं द्रव्य सापडल्यावर 2020 मध्ये अमेरिकेत ते बाजारातून काढलं गेलं आणि 2022 मध्ये आपल्याकडच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही वगळलं गेलं. सेट्रिझिनसारखी खाजेची गोळी दुसऱ्या कुलपावर काम करते. ती आम्ल कमी करत नाही, पण म्हणून ती सोडायची नाही.

डोस वाढवण्याआधी मी गोळी कशी घेतली जाते ते विचारते. पीपीआय काम करते ती जेवणाने जागे झालेल्या पंपांवर. आपल्याकडे सकाळी सहाला चहाबरोबर गोळी घेतात आणि मग थेट अकराला पोळी-भाजी. तोवर औषध रक्तातून निघून गेलेलं असतं. गोळी पाण्याबरोबर, नंतर अर्ध्या तासाने पोटभर नाश्ता, दुसरी गोळी रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास. एवढ्या बदलाने निम्म्या लोकांचा ‘गोळी लागू पडत नाही’ हा प्रश्न सुटल्याचं मी पाहिलंय. अल्सर भरेपर्यंत चतुर्थी-एकादशीचे कडक उपवास नकोत. तिखटाने अल्सर होत नाही, पण मास्टोसायटोसिसच्या काहींना तिखट, दारू किंवा खूप गरम पदार्थांनी अंग लाल होऊन त्रास होतो. तुमच्या पत्नीला कशाने होतो ते त्यांनी एका वहीत लिहून ठेवलं तर तिथेच सापडेल. सरसकट वीस पदार्थ बंद करणारी यादी मी कुणाला देत नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर, आत्ता गोळी चालू ठेवून अल्सर भरू द्यायचा, मग योग्य वेळी एच. पायलोरी आणि गॅस्ट्रिन पुन्हा तपासायचं, आणि त्यानंतरच ‘जन्मभर का’ हे ठरवायचं.

रक्तस्रावाबद्दल थोडं. तुमच्या पत्नीला आधी मधमाशीने तीव्र ॲलर्जीचा झटका आलेला आहे. उद्या त्या घरात चक्कर येऊन पडल्या तर तुम्हाला पहिल्यांदा ॲलर्जीच आठवेल आणि ते बरोबरही आहे. अंग लाल, खाज, घरघर, ओठ सुजलेले असतील तर शिकवल्याप्रमाणे मांडीत ॲड्रेनालिन द्या आणि दवाखान्यात न्या. पण त्या पांढऱ्याफटक आणि गार पडल्या असतील, घाम फुटला असेल, आदल्या दिवशी डांबरासारखी काळी चिकट संडास झाली असेल, तर अल्सरमधून रक्त जातंय. दोन्हींत नाडी जलद आणि रक्तदाब कमी असतो, म्हणून कॅज्युअल्टीत पोचल्यावर ‘मास्टोसायटोसिस आहे आणि अल्सरही आहे’ ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगा. पोट एकदम फळीसारखं कडक होऊन असह्य दुखणं हे अल्सर फुटल्याचं लक्षण, त्यात तासभरही थांबायचं नाही. आजाराचं नाव, चालू औषधं आणि टाळायची औषधं लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यांच्या पर्समध्ये ठेवा. एक प्रत तुमच्याही खिशात असू द्या.

राहिला तिसरा प्रश्न, कंबरेचा. वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल, त्यांना पूर्वी सोसलेलं असेल तर. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनच्या कुळातलं काहीही नको, कारण त्याने अल्सर वाढतो आणि काही रुग्णांत मास्ट पेशीही उसळतात. पण मला गोळीचं नाव सांगून थांबता येत नाही. मास्टोसायटोसिसमध्ये हाडं ठिसूळ होतात, पाळी चालू असलेल्या बायकांत आणि तरुण पुरुषांतसुद्धा, आणि मणका आतल्या आत चेपला जाऊन कंबर किंवा पाठ दुखू लागते. चाळिशीतल्या बाईची कंबर म्हटलं की सगळे वाकण्या-उचलण्यावर टाकतात आणि रोग म्हशीला, औषध पखालीला असं होऊन बसतं. आधी मणक्यांचा एक्स-रे आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. दीर्घकाळ पीपीआय घेतल्यानेही हाडांचा धोका थोडा वाढतो, म्हणून दोन्ही एकत्र आलेल्या रुग्णात ही तपासणी मी टाळू देत नाही. सोबत ड जीवनसत्त्व, बी-12, मॅग्नेशियम आणि हिमोग्लोबिन. शाकाहारी असाल तर बी-12 कमी निघण्याची शक्यता जास्त. कॅल्शियम सुरू झालं तर कार्बोनेटऐवजी सायट्रेट मागा, आम्ल कमी असताना ते जास्त चांगलं शोषलं जातं. आणि हाडं ठिसूळ निघाली तर आठवड्याला एकदा घ्यायची अॅलेंड्रोनेटची गोळी अल्सर ताजा असताना नको, ती अन्ननलिका आणि जठराला जाळते. त्याऐवजी शिरेतून देण्याचं झोलेड्रोनिक ॲसिड आहे. ते कधी आणि कसं द्यायचं हे रक्तविकारतज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर मिळून ठरवतील.

त्यांची उंची आत्ता भिंतीला लावून मोजा आणि जुन्या एखाद्या कागदावरच्या उंचीशी ताडून पाहा. दोन-तीन सेंटीमीटर कमी भरली तर एक्स-रेसाठी पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका.